लेगोलँड दुबई: लहान मुलांना घेऊन जाताना दिवस कसा आखायचा

अमिरातीचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालतं. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही, पण घरी दुपारी एकला झोपणारं अडीच वर्षांचं मूल दुबईत साडेअकरालाच डोळे चोळायला लागतं. लेगोलँड, म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांवर बेतलेलं मुलांचं मनोरंजन पार्क, साधारण सकाळी दहाला उघडतं. म्हणजे मूल ताजंतवानं असण्याचा वेळ जेमतेम दीड तास, आणि बहुतेक कुटुंबं त्यातली पहिली वीस-पंचवीस मिनिटं दारातल्या मोठ्या लेगो-माणसाबरोबर फोटो काढण्यात आणि दुकानात घालवतात. मग पहिल्या रांगेत किरकिर सुरू होते आणि ‘हिला आवडलंच नाही’ असं ठरतं. बिचारीला फक्त झोप आलेली असते.

म्हणून दिवस आखताना राइडची यादी नंतर हातात घ्या. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: मुलाची झोपेची वेळ (दुबईच्या घड्याळानं), मुलाची उंची, आणि त्या दिवशी दुपारी किती ऊन असेल.

कोणासाठी आहे, कधी जावं

दुबईचं लेगोलँड २०१६च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालं. जगातलं हे सातवं. पहिलं डेन्मार्कच्या बिलुंड गावात १९६८ साली उघडलं होतं. पार्क बांधलंय २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, पण खरा रंग भरतो तो तीन ते आठ या वयात. दहा वर्षांची मुलं एक-दोन तासांत ‘आता मोठे रोलर कोस्टर कुठे आहेत?’ विचारायला लागतात, आणि ते इथे नाहीत. घरात अकरा वर्षांचा दादा आणि तीन वर्षांची धाकटी बहीण असेल, तर दादाला आधीच सांगून ठेवा की आजचा दिवस धाकटीचा.

नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. मे ते सप्टेंबर पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्राजवळची दमट हवा त्यात भर घालते. उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय जमणारच नसेल तर जा, पण त्या दिवसाची आखणी पूर्ण वेगळी असते. ती खाली येईलच. २०२२पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. त्यामुळे सोमवार ते गुरुवार गर्दी कमी. ईद, २-३ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन आणि डिसेंबरची शाळांची सुट्टी टाळता आली तर टाळा. रमजानमध्ये पार्कच्या वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची वेळ बघून घ्या.

विमानातून उतरलात त्या दिवशी जाऊ नका. मुंबई-दुबई प्रवास तीन तासांचा असला तरी विमानतळ, इमिग्रेशन, हॉटेल धरून मुलाचा दिवस संपलेला असतो. परतीच्या आदल्या दिवशीही नको, कारण दुसऱ्या दिवशी तेच दमलेलं मूल तुम्हाला विमानात सांभाळायचं असतं. दुसरा किंवा तिसरा दिवस बरोबर बसतो.

तिकीट ऑनलाइन आधी काढलेलं स्वस्त पडतं आणि दारातली एक रांग वाचते. शेजारीच लेगोलँड वॉटर पार्क आहे, २०१७च्या जानेवारीत सुरू झालेलं. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं आणि फरक फार वाटत नाही म्हणून लोक ते घेतात. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर एका दिवसात दोन्ही करू नका. कोरड्या पार्कातून ओल्या पार्कात जाणं म्हणजे कपडे बदलणं, लॉकर, सनस्क्रीन, शी-शू, परत कपडे. यातच तासभर जातो. दोन्ही बघायचीच असतील तर दोन दिवस चालणारं तिकीट बघा, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या लेगोलँड हॉटेलात एक रात्र राहा. हॉटेल महाग आहे, पण दुपारी मुलाला खोलीत झोपवून चारला परत पार्कात येता येतं. दोन वर्षांच्या मुलासाठी ही चैन नाही, सोय आहे.

घरी करायची तयारी

मुलाची उंची मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून. लेगोलँडमधल्या राइडच्या मर्यादा साधारण ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडतात. काही राइडवर एक मर्यादा मोठ्यांबरोबर बसण्यासाठी आणि दुसरी एकट्यानं बसण्यासाठी असते. अंदाजासाठी सांगायचं तर साधारण वाढीचं मूल तिसऱ्या वाढदिवसाला ९५-९६, चौथ्याला १०३ आणि पाचव्याला ११० सेंटिमीटरच्या आसपास असतं. १२०चा टप्पा सहा संपून सात लागताना येतो. मोजलेला आकडा घेऊन पार्कच्या संकेतस्थळावरच्या राइडच्या यादीशी ताडून बघा आणि ज्या राइड बसणार नाहीत त्यांचं नाव मुलासमोर काढूच नका. दाराशी मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी एका सेंटिमीटरचीही सूट देत नाही. देऊही नये. मांडीवरचा अडसर ठरावीक उंचीच्या शरीराला धरून ठेवायला बनवलेला असतो. त्याहून लहान मूल खालून सरकू शकतं.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पार्कातल्या ड्रायव्हिंग स्कूलला (इथे मुलं स्वतः छोटी गाडी चालवतात) उंचीपेक्षा वय लागतं आणि आपली मुलं चणीनं लहान दिसली की विचारणा होऊ शकते.

आता खाऊ. दुबईला निघालेल्या मराठी घराच्या बॅगेत चकल्या, लाडू, दशम्या असणारच. पण खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारसे, खसखस घातलेले लाडू, खसखस असलेला घरचा मसाला यातलं काहीही नेऊ नका. चिमूटभर असली तरी विमानतळावर त्रास होऊ शकतो. तेच औषधांचं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे परवानगीशिवाय चालत नाही. पॅरासिटामॉल, ओआरएस, नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि वैद्यकीय कारणानं लागणारं खाणं याला अपवाद असतो. म्हणून नाचणी सत्त्व, दुधाची पावडर, मऊ भाताचा डबा वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे तपासणीत ती एकच पिशवी उघडून दाखवता येते. मोठ्यांच्या चकल्या त्याच पिशवीत कोंबल्या की सगळ्याच पिशवीवर प्रश्न सुरू होतात.

बॅगेत काय: प्रत्येक मुलाचा एक जास्तीचा कपड्यांचा जोड (पाण्याच्या राइड कोरड्या पार्कातही आहेत), रुंद काठाची टोपी, गुलाबी कागदी बँडेज नव्हे तर खरं चिकटणारं बँडेज, ओले वाइप्स, पाण्याच्या बाटल्या, आणि एक पातळ जाकीट. जाकीट ऐकून हसू येईल, पण दुबईत बंदिस्त जागांमधला एसी घामानं भिजलेल्या मुलाला कुडकुडायला लावतो.

तिथे पोचणं

लेगोलँड शेख झायेद रस्त्यावर, जेबेल अलीच्या पुढे, अबुधाबीच्या दिशेला दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स या मोठ्या संकुलात आहे. शहराच्या मध्यातून बरंच लांब. बर दुबई किंवा देरा भागात उतरला असाल तर टॅक्सीला पाऊण ते एक तास धरा. दुबई मरिना भागातून अर्ध्या तासात होतं. मेट्रोनं रेड लाइनवर बरंच जवळ जाता येतं, तिथून पुढे टॅक्सी किंवा बस. मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे आणि दंड १०० दिरहम. मुलाच्या हातातलं बिस्कीट स्टेशनात शिरण्याआधीच संपवा.

चार वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत बाळाची खुर्ची लागते आणि दहा वर्षांखालच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही, असा तिथला कायदा आहे. रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीत खुर्ची नसते. ॲपवरून मागवताना बाळाच्या खुर्चीचा पर्याय असतो. तो आदल्या रात्रीच बुक करा, सकाळी नऊला शोधत बसू नका.

पार्क उघडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दारात उभे राहा. न्याहारी पोटभर झालेली हवी. बर दुबई-करामाकडे पोहे, मिसळ, इडली सकाळीच मिळते. ती खाऊन निघालात तर मूल बारापर्यंत भूक भूक करणार नाही.

पहिला दीड तास

आत शिरल्या शिरल्या दुकान लागतं. मुलाला सांगून ठेवा की दुकान शेवटी, आणि ते घरीच सांगा. दारात सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

सरळ पार्कातल्या लेगो सिटी या भागाकडे चला, कारण तिथली ड्रायव्हिंग स्कूल ही सगळ्यात हळू सरकणारी रांग. एका वेळी ठरावीक गाड्या, आधी थोडी शिकवणी, मग फेरी. सव्वादहाला पोचलात तर पहिल्या-दुसऱ्या तुकडीत नंबर लागतो, अकरानंतर मात्र बराच वेळ उभं राहावं लागतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांची ज्युनियर ड्रायव्हिंग स्कूल वेगळी, सहा ते तेरा वर्षांची वेगळी. पावणेसहा वर्षांच्या मुलाला सहाचं सांगून मोठ्या गाडीत बसवायचा मोह होतो. त्यात तोटा मुलाचाच आहे. मोठ्या मुलांच्या रस्त्यावर सिग्नल असतात, वळणं असतात, समोरून गाड्या येतात. लहान मूल चौकात अडकतं, मागे गाड्या साचतात आणि ते रडत उतरतं.

मुलाला गाडीत एकट्यालाच बसायचं असतं, पालक कठड्याबाहेर. इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, मूल सुकाणू एका बाजूला पूर्ण फिरवून तसंच धरून ठेवतं आणि गाडी कडेला जाऊन टेकते. त्याला घरी ताटली हातात देऊन ‘थोडं वळव, परत सरळ कर’ हा खेळ खेळवा. दुसरी, पेडलवर पाय दाबून धरायचा असतो हे कळत नाही. एकदा दाबून सोडतं आणि गाडी थांबली की भांबावून आईकडे बघतं. तिसरी चूक खास आपल्या मुलांची: अमिरातीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. डाव्या बाजूची सवय डोळ्यांत भिनलेलं सात वर्षांचं हुशार मूल नेमकं समोरच्यांच्या वाटेत जातं. रांगेत उभे असताना रस्त्याकडे बोट दाखवून एकदा समजवा. फेरी झाल्यावर लायसन्स मिळतं. फोटोचं छापील लायसन्स वेगळे पैसे देऊन. आजी-आजोबांना दाखवायला ते बरं पडतं, पण नाही घेतलं तरी मुलाला काही फरक पडत नाही.

शेजारीच रेस्क्यू अकॅडमी. कुटुंबानं मिळून लेगोच्या बंबाचा दांडा वरखाली करून गाडी पुढे न्यायची, उतरून पंपानं ‘आग’ विझवायची आणि परत दांडा मारत यायचं. मुलांच्या हातांनी हा दांडा हलत नाही. दोन मोठी माणसं एका गाडीत असतील तरच शर्यत जिंकता येते, आणि हात खरोखर दुखतात. आजीला बसवायचं असेल तर तिला दांड्यापासून लांबच्या जागेवर बसवा.

साडेअकरा: मिनिलँड

ह्या पार्काची दुबईला साजेशी एक खास गोष्ट आहे. बहुतेक लेगोलँडमध्ये मिनिलँड, म्हणजे ठोकळ्यांनी उभारलेलं छोट्या इमारतींचं जग, उघड्यावर असतं, इथे ते वातानुकूलित घुमटाखाली आहे. म्हणून ते सकाळच्या थंड वेळेत वाया घालवू नका. बाहेर ऊन चढलेलं असताना आणि धाकट्याला झोप आलेली असताना तिथे शिरा. बाबागाडीची पाठ आडवी करा, एकानं तिच्याजवळ थांबा, दुसऱ्यानं मोठ्या मुलाला घेऊन फिरा.

मिनिलँडसाठी दोन कोटींच्या आसपास ठोकळे लागलेत. मधोमध बुर्ज खलिफा उभी आहे, १७ मीटर उंच, ४,३९,००० ठोकळ्यांची. खरी इमारत ८२८ मीटरची, म्हणजे साधारण पन्नासावा हिस्सा. मोठ्या मुलाला हा भागाकार करायला लावा आणि मग मान वर करून बघायला सांगा. लहानांना मात्र उंची कळत नाही, त्यांना बटणं कळतात. कठड्यावर ठिकठिकाणी बटणं आहेत. दाबलं की कुठेतरी गाडी धावते, कुठेतरी माणसं हलतात. मूल बटण दाबून लगेच पुढच्या बटणाकडे पळतं, त्यामुळे त्याला काय हललं ते दिसतच नाही. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत या, आणि ‘तू दाब, मी शोधतो’ असा डाव मांडा. एका बटणावर पाच मिनिटं निघतात.

उघड्या बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे ओढणी किंवा दुपटं टाकतात. दुबईत ते करू नका. झाकलेल्या गाडीत हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरपेक्षा झपाट्यानं वाढतं. बाळ शांत झोपल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते उकडत असतं. गाडीचं स्वतःचं छत, हवा जाईल अशी जाळी आणि सावलीची वाट एवढंच पुरे.

मिनिलँडमधून निघून जेवून घ्या. साडेबारा ते दीड प्रत्येक उपाहारगृहात रांग असते. बाराच्या आत ताट समोर आलं तर अर्धा तास वाचतो. पिझ्झा, पास्ता, फ्राइज यावर शाकाहारी मुलाचं भागतं. मांसाहारासाठी वापरलेल्या तेलात फ्राइज तळलेले चालत नसतील तर काउंटरवर स्पष्ट विचारा.

दुपार: कुठे दम काढायचा, कुठे ठोकळे जोडायचे

बिल्ड अँड टेस्ट ही जागा पालकांना विसाव्याची वाटते आणि मुलांना सगळ्यात जास्त आठवते. टेबलावर ठोकळे आणि चाकं, बाजूला उतार. गाडी बनवा, उतारावर सोडा. पहिल्या गाडीचं बहुतेक वेळा असं होतं की ती अर्ध्या वाटेत तिरकी होऊन थांबते किंवा खाली आदळून फुटते. दोन्हीची कारणं साधी आहेत.

गाडी तिरकी जाते कारण एखादं चाक ठोकळ्याला घासत असतं. सोडण्याआधी गाडी उलटी करा आणि चारही चाकं बोटानं फिरवा. एक टिचकी मारल्यावर जे लगेच थांबेल ते चाक काढून पुन्हा बसवा, किंवा त्याच्यालगतचा रुंद ठोकळा काढून अरुंद लावा. चारही चाकं एकाच आकाराची हवीत. मुलं मोठी चाकं मागे लावतात, ट्रॅक्टरसारखी. दिसायला छान, पण नाक खाली जातं आणि उतार संपतो तिथे जमिनीला घासतं.

गाडी फुटते कारण ठोकळे एकावर एक सरळ रचलेले असतात. भिंत बांधताना गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तसंच करायचं: वरचा ठोकळा खालच्या दोन ठोकळ्यांवर अर्धा-अर्धा बसला पाहिजे. सगळ्यात खाली एक लांब चपटी पट्टी, तिला चाकं, तिच्यावर सांधे चुकवून दोन थर. वजन खाली ठेवा. फार हलकी गाडी चाकांच्या घर्षणातच दमते, फार उंच गाडी वळताना कलंडते. मुलाला झेंडा लावायचाच असेल तर लावू द्या, तो आधी पडेल आणि गाडी चालत राहील. बनवलेली गाडी तिथेच ठेवायची असते, घरी नेता येत नाही. हे सुरुवातीलाच सांगा आणि शेवटी तिचा फोटो काढा.

तीन वर्षांखालच्या मुलाला या टेबलावर एकटं सोडू नका. लहान ठोकळे घशात अडकण्याइतके लहान असतात. त्याची जागा डुप्लोमध्ये. डुप्लोचा ठोकळा लांबी, रुंदी आणि उंचीनं साध्या ठोकळ्याच्या दुप्पट, म्हणजे आकारमानानं आठपट. डुप्लो प्लेटाउनमध्ये घसरगुंड्या, छोटी घरं आणि जवळच डुप्लोची आगगाडी आहे. घसरगुंडी उन्हात असेल तर आधी आपला उलटा तळहात टेकवून बघा. पाच मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही तर मुलालाही बसवू नका.

दुपारसाठी झाकलेल्या आणखी दोन जागा: लॉस्ट किंगडम ॲडव्हेंचर आणि फोर-डी सिनेमा. पहिल्यात गाडीत बसून अंधारात लेझर बंदुकीनं निशाण्यांवर नेम धरायचा असतो. अंधार आणि सांगाडे बघून तीन-साडेतीन वर्षांची काही मुलं मांडीत तोंड लपवतात. बंदूक त्यांच्या हातात दिली की भीती निम्मी होते, कारण आता सांगाड्याला घाबरवणारे ते असतात. सिनेमात आवाज मोठा, अंगावर वारा आणि पाण्याचे तुषार येतात. मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे मूल घाबरलं तर कुणाच्या गुडघ्यांवरून उड्या न मारता बाहेर पडता येतं.

सबमरीन ॲडव्हेंचरमध्ये खिडकीतून खरे मासे दिसतात. मुलाला खिडकीकडे बसवा, एवढीच सूचना.

ड्रॅगन आणि पालकांच्या अदलाबदलीची सोय

किंगडम्स या भागातला ड्रॅगन हा इथला त्यातल्या त्यात मोठा रोलर कोस्टर. सुरुवात किल्ल्याच्या आत, संथ, लेगोचे देखावे बघत होते. मुलाला वाटतं एवढंच आहे. मग गाडी बाहेर पडते आणि खरा कोस्टर सुरू होतो. उंचीत बसणाऱ्या पण पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलाला आधी शेजारच्या ड्रॅगन्स अप्रेंटिसवर न्या. तो छोटा कोस्टर आहे. तिथून उतरून मूल ‘परत!’ म्हणालं तर ड्रॅगनकडे, गप्प राहिलं तर मर्लिन्स फ्लाइंग मशीन्सकडे. तिथे पेडल मारलं की विमान वर जातं, म्हणजे किती उंच जायचं हे मुलाच्या पायात असतं. किड पॉवर टॉवर्सचं तंत्रही तसंच, फक्त हातांचं: दोर ओढून स्वतःला वर चढवायचं आणि सोडलं की खाली. पाच-सहा वर्षांच्या मुलाची ताकद अर्ध्यावर संपते, म्हणून शेजारी ओढणारा दणकट माणूस हवा.

दोन मुलं, दोन पालक आणि धाकट्याची उंची कमी, असं असेल तर राइडच्या दाराशीच पालकांच्या अदलाबदलीची सोय आहे का ते विचारा. एक पालक मोठ्या मुलाबरोबर रांगेतून जातो, दुसरा बाळाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्या पालकाला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. हे रांगेत शिरण्यापूर्वी सांगावं लागतं. उतरल्यावर आठवलं तर उपयोग नाही. आणि मोठ्या मुलाला यात दोनदा बसायला मिळू शकतं, त्यामुळे घरात तह टिकतो.

ऊन, पाणी, हरवणं

मूल पाणी मागेपर्यंत थांबू नका. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, खेळ चालू असला तरी. शू कमी होत असेल, गडद पिवळी असेल, मूल एकदम शांत झालं असेल किंवा घाम येणं थांबून अंग तापलं असेल, तर राइड सोडा आणि लगेच एसीत जा. शेवटची खूण गंभीर आहे. कपडे सैल करा, अंग ओल्या कपड्यानं पुसा आणि कर्मचाऱ्याला प्रथमोपचार कक्ष विचारा. उन्हाळ्यात गेलात तर दहा ते साडेअकरा बाहेर, साडेअकरा ते चार फक्त झाकलेल्या जागा, चारनंतर थोडं बाहेर एवढंच करा. वॉटर पार्क उन्हाळ्यात जास्त बरं. तिथे बाळाला पोहण्याचा डायपर लागतो, सगळ्यांना पोहण्याचे कपडे, आणि बाह्या असलेला स्विम-शर्ट घातला तर खांदे भाजत नाहीत. सुती टी-शर्ट आणि सलवार घालून घसरगुंड्यांवर सोडत नाहीत. बिल्ड-अ-राफ्ट नदीत तराफ्यावर मोठे मऊ ठोकळे लावत तरंगायचं असतं. चार वर्षांच्या मुलाला बाकी सगळ्या घसरगुंड्यांपेक्षा तेच जास्त रमवतं.

सकाळी दारात मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवलं तर घाबरलेल्या आईला ‘शर्ट कुठला?’ आठवत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं फोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर घामानं तासाभरात पुसतो. नंबर अमिरातीतल्या सिमचा असेल तर उत्तम. भारतातला असेल तर आधी +९१ लावा आणि रोमिंग चालू आहे याची खात्री करा. आत शिरल्यावर पहिल्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवून मुलाला सांगा, ‘असे कपडे घातलेल्या काकांना-ताईंना सांगायचं.’ ‘पोलिसांना सांग’ म्हणून उपयोग नाही, तिथे खाकी कुणी दिसत नाही.

निघताना

आता दुकान. मुलाला आकडा न सांगता जागा सांगा: ‘या फळीवरचं एक.’ भारतात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळे तिथे घेणं बऱ्याचदा परवडतं. तरी पार्कातल्या किमती शहरातल्या दुकानांशी मोबाइलवर ताडून बघा. जो सेट कुठेही मिळतो तो मॉलमध्ये घ्या, पार्कात फक्त पार्काचाच म्हणून असतो तो. घरी जुने ठोकळे पडले असतील तर काळजी नको. १९५८मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या ठोकळ्याची मापं आजही तीच आहेत, ते नव्याला बसतात.

भारताच्या घड्याळानं साडेसात म्हणजे तिथले सहा. मूल टॅक्सीत बसता बसता झोपणार आणि हॉटेलवर आठला उठून ‘भूक’ म्हणणार. त्यामुळे पार्कातून बाहेर पडल्यावर लगतच्या रिव्हरलँड या खाण्यापिण्याच्या भागात त्याला जेवू घाला, तिथेच हातपाय धुऊन रात्रीचे कपडे चढवा आणि मग टॅक्सी मागवा.

बॅग भरताना सेटची खोकी नेऊ नका, त्यात निम्मी हवा असते. आतल्या क्रमांकाच्या पिशव्या न फोडता तशाच कपड्यांमध्ये ठेवा, सूचनांची पुस्तिका लॅपटॉपच्या कप्प्यात सपाट, आणि खोक्याचा चित्र असलेला दर्शनी भाग कापून घ्या. पिशव्यांवरचे आकडे महत्त्वाचे आहेत: पहिल्या क्रमांकाची पिशवी संपल्याशिवाय दुसरी उघडली तर तुकडे मिसळतात आणि पाच वर्षांच्या मुलाबरोबर तो सेट मग तुम्हालाच पुरा करावा लागतो.